ओळ-अंत चिन्हे : विंडोजवरील युनिक्स साधने

साध्या मजकूर फाइलीत ओळ कोठे संपली हे दाखवणारी चिन्हे. युनिक्स व तिच्या वंशातील प्रणालींत यासाठी लाइन फीड हे एकच चिन्ह (आस्की या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संकेतातील क्रमांक १०) असते. डॉस आणि विंडोजमध्ये त्याआधी कॅरिज रिटर्न (क्रमांक १३) हेही येते. ग्रेप, सेड, ऑक (मजकुरात शोध व बदल करणारी) आणि बॅश (आज्ञा चालवणारे शेल) ही युनिक्सची साधने विंडोजवर चालवताना येणाऱ्या पुष्कळ अडचणींचे मूळ या जादा चिन्हात आहे.

उगम : ही दोन चिन्हे दूरमुद्रकांकडून (तारेने आलेला मजकूर छापणारी यंत्रे) आली, याविषयी दुमत नाही. कॅरिज रिटर्नने मुद्रणशीर्ष डाव्या कडेला परतते, लाइन फीडने कागद एक ओळ वर सरकतो. डोनाल्ड मरे यांच्या १९०१ च्या सुमाराच्या तारसंकेतापासून अशा नियंत्रक चिन्हांचा माग काढला जातो. मतभेद आहे तो ती वेगळी का ठेवली यावर. एका मतानुसार कारण वेळेचे होते. १९६३ च्या सुमारास आलेला टेलिटाइप मॉडेल ३३ हा दूरमुद्रक सेकंदाला १० चिन्हे छापे आणि शीर्ष परतण्यास एका चिन्हापेक्षा अधिक वेळ लागे. दुसऱ्या चिन्हाने तो वेळ भरून निघे. दुसऱ्या मतानुसार त्या मुळातच दोन स्वतंत्र यांत्रिक क्रिया होत्या आणि वेगवेगळ्याही उपयोगी पडत : कागद न हलवता शीर्ष परत आणले की त्याच ओळीवर अधोरेखन करता येई. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण ही विभागणी मॉडेल ३३ च्या पुष्कळ आधीची आहे. वेळेच्या कारणाने कॅरिज रिटर्न आधी का येते, एवढेच नीट उलगडते.

आस्कीच्या १९६० च्या दशकातील सुधारित आवृत्तीने, परस्परसंमती असल्यास, एकट्या लाइन फीडला ‘नवी ओळ’ मानण्याची मुभा दिली. मल्टिक्स प्रणालीने हा मार्ग धरला : फाइलीत एकच चिन्ह, आणि मुद्रकाला लागणारी चिन्हे पाठवण्याचे काम त्या यंत्राच्या ड्रायव्हरकडे (यंत्र हाताळणाऱ्या प्रोग्रॅमकडे). १९६९ च्या सुमारास सुरू झालेल्या युनिक्सने तीच रीत उचलली. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम प्रणालीत (सु. १९७४) मात्र दोन्ही चिन्हे फाइलीतच राहिली, यामागे डीईसी या संगणक कंपनीच्या प्रणालींचा प्रभाव असावा, असे सामान्यतः मानतात. तेथून ती १९८१ मध्ये एमएस-डॉसमध्ये आणि पुढे विंडोजमध्ये आली. म्हणजे खरा भेद चिन्हांच्या संख्येचा नाही. यंत्राची गरज फाइलीत नोंदवावी की फाइलीबाहेर भागवावी, हा आहे.

सी भाषेतील दुवा : सी भाषेत ओळीचा शेवट एकाच चिन्हाने लिहिला जातो. विंडोजवर ‘टेक्स्ट’ रीतीने उघडलेल्या फाइलीत भाषेचे ग्रंथालय वाचताना व लिहिताना रूपांतर करते. ‘बायनरी’ रीतीत करत नाही. युनिक्सवर या दोहोंत फरक नसल्याने तेथील प्रोग्रॅमर बायनरीचा निर्देश सर्रास गाळत. असा प्रोग्रॅम विंडोजवर आणला की चित्राची किंवा संकुचित फाइल बिघडे. विंडोजवर युनिक्स साधने पुरवणाऱ्या सिगविनमध्ये (१९९५ पासून) निर्देशिका (फोल्डर) जोडतानाच यांपैकी रीत ठरवण्याची सोय होती. पुढे बायनरीच रूढ झाली, आणि जादा चिन्ह थेट साधनांपर्यंत पोहोचू लागले.

लक्षणे : ‘नमस्कार’ एवढीच ओळ असलेली यूटीएफ-८ (देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट घेणारा संकेत) फाइल युनिक्स पद्धतीत २२ बाइटांची, विंडोज पद्धतीत २३ बाइटांची होते. फाइल बायनरी रीतीने वाचणाऱ्या ग्रेपला ‘र$’ (ओळीच्या शेवटी ‘र’) हा नमुना दुसरीत सापडत नाही, कारण ‘र’ आणि ओळीचा शेवट यांच्यामध्ये कॅरिज रिटर्न उभे असते. शेल स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत दुभाषकाचा (ती चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) पत्ता दिलेला असेल, तर ते चिन्ह त्याच्या नावाचाच भाग ठरते, आणि फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘अशी फाइल नाही’ असा संदेश येतो. ओळ पुढे चालू ठेवण्यासाठी शेवटी दिलेली उलटी तिरपी रेघ निष्फळ ठरते. ती आता त्या अदृश्य चिन्हाला लागू होते. २०१६ मध्ये आलेल्या डब्ल्यूएसएलमध्येही (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) हेच घडते, कारण तेथील साधने मूळ लिनक्सचीच आहेत.

उपाय : आधी फाइलीतील बाइट दाखवणाऱ्या ‘ओडी’ आज्ञेने ते पाहावेत, संपादकात चिन्ह दिसेलच असे नाही. मग डॉस-टू-युनिक्स हे साधन किंवा चिन्हे बदलणाऱ्या वा वगळणाऱ्या ‘टीआर’ आज्ञेने १३ क्रमांकाचे चिन्ह वगळणे पुरते, पण ‘टीआर’ची ही आज्ञा चित्रांवर वा संकुचित फाइलींवर चालवल्यास त्या निकामी होतात. गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) प्रत्येकाच्या संगणकावरील ‘ऑटोसीआरएलएफ’ या ओळ-अंत रूपांतराच्या सेटिंगपेक्षा प्रकल्पातच ठेवलेली ‘गिटअॅट्रिब्यूट्स’ फाइल श्रेयस्कर, कारण नियम प्रकल्पाबरोबर सर्वांकडे जातो. विंडोजच्या बॅच फाइलींना (आज्ञांची यादी असलेल्या) मात्र दोन चिन्हेच ठेवावीत. एकट्या लाइन फीडने त्यांतील लेबले कधीकधी सापडत नाहीत. विंडोजचे नोटपॅड २०१८ पासून एकटे लाइन फीडही ओळखते.