मिडलमार्च : कथानकरचना आणि समांतर कथासूत्रे

जॉर्ज एलियट (मूळ नाव मेरी ॲन एव्हान्स, १८१९–१८८०) या इंग्रज लेखिकेच्या ‘मिडलमार्च : अ स्टडी ऑफ प्रोव्हिन्शियल लाइफ’ या कादंबरीतील कथानकाची बांधणी. ही कादंबरी डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ या काळात आठ भागांत प्रसिद्ध झाली. प्रास्ताविक, ८६ प्रकरणे आणि उपसंहार असा तिचा विस्तार आहे. कथाकाळ साधारणपणे १८२९ च्या शरद ऋतूपासून १८३२ च्या मे महिन्यापर्यंतचा, म्हणजे लेखनाच्या सुमारे चाळीस वर्षे आधीचा. पार्लमेंटच्या पहिल्या सुधारणा विधेयकावरून देश ढवळून निघाला होता, त्या दिवसांतला. मिडलमार्च हे मिडलंड्स भागातील गाव काल्पनिक आहे. लेखिकेच्या तरुणपणी तिचे वास्तव्य जेथे होते ते कॉव्हेंट्री त्यामागे असावे, असे सामान्यतः मानले जाते.

कथासूत्रे चार आहेत. डोरोथिया ब्रूक, तिचा वयस्क पती कॅसॉबन व त्याचा तरुण नातलग विल लॅडिस्लॉ यांचे पहिले. डॉक्टर लिडगेट व रोझमंड व्हिन्सी यांच्या विवाहाचे दुसरे. फ्रेड व्हिन्सी व मेरी गार्थ यांचे तिसरे. आणि धर्मनिष्ठ म्हणून मान मिळवलेला बँकर बुल्स्ट्रोड व त्याचा दडवलेला भूतकाळ यांचे चौथे.

ही सूत्रे एकाच संकल्पनेतून निघालेली नाहीत आणि अभ्यासकांची सर्वाधिक चर्चा याच मुद्द्यावर झाली आहे. १ जानेवारी १८६९ च्या रोजनिशीत लेखिकेने वर्षभराच्या कामांत ‘मिडलमार्च नावाची कादंबरी’ अशी नोंद केली. त्या उन्हाळ्यात लेखनाला सुरुवात झाली. तेव्हाच्या मजकुरात व्हिन्सी व फेदरस्टोन ही कुटुंबे होती. डोरोथिया मात्र नव्हती. लेखिकेचा जीवनसाथी जॉर्ज हेन्री लुइस याचा मुलगा थॉर्नटन त्याच सुमारास अंथरुणाला खिळला आणि ऑक्टोबर १८६९ मध्ये वारला. या काळात लेखन रखडले. पुढे डिसेंबर १८७० च्या नोंदीत ‘मिस ब्रूक’ नावाची वेगळीच गोष्ट अवतरते. ती फार लांबवण्याचा गंभीर विचार न करता आपण हाती घेतली, असे लेखिका तेथे म्हणते. पण कथालेखन सुरू केल्यापासून हा विषय मनातल्या संभाव्य विषयांत होता, असेही तिने त्याच नोंदीत लिहिले आहे. वर्षअखेरपर्यंत या गोष्टीची शंभर पाने झाली होती.

दोन गोष्टींची एक कादंबरी नेमकी केव्हा झाली, हे अनुमानानेच ठरवावे लागते. १८७१ चे पहिले काही महिने हा काळ बहुतेकांना मान्य आहे. जेरोम बीटी याने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हस्तलिखिताची बारकाईने तपासणी करून जोडणीच्या खुणा शोधल्या. त्याच्या निष्कर्षानुसार पहिली नऊ प्रकरणे व दहाव्याचा बराचसा भाग ‘मिस ब्रूक’मधला, अकराव्यापासून पुढची काही प्रकरणे मुख्यतः आधीच्या ‘मिडलमार्च’मधली. त्यापूर्वी ॲना थेरेसा किचेल हिने १९५० मध्ये लेखिकेची ‘क्वॉरी’ ही टिपणवही संपादित केली होती. तीत वैद्यकशास्त्र व राजकीय घडामोडींची टिपणे आहेत, तशीच पात्रांचे परस्परसंबंध कसे विकसित करायचे याच्या आणि प्रकरणांच्या याद्याही आहेत. या दोन साधनांवरून दोन मते पुढे येतात. जोडणी ही निव्वळ सोय होती, असे एक मत. दोन्ही कथांचा गाभा मुळातच एक होता, हे दुसरे. मोठे काही करू पाहणारी माणसे आणि त्यांना तसे करू न देणारी भोवतालची परिस्थिती हाच डोरोथिया व लिडगेट या दोघांच्याही कथेचा विषय असल्याने दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

सांधा दहाव्या प्रकरणात आहे. डोरोथियाच्या विवाहापूर्वीच्या मेजवानीला जमीनदार मंडळींबरोबर गावातले वकील, बँकर आणि नवा डॉक्टर येतात. पुरुषमंडळींच्या गप्पांत मिस ब्रूकची, म्हणजे डोरोथियाची, तुलना मेयर व्हिन्सी यांच्या मुलीशी, रोझमंडशी होते. अकराव्या प्रकरणात कथा त्या मुलीकडे वळते, आणि माणसांची नशिबे नकळत एकमेकांजवळ सरकत असतात, असे निवेदक तेथेच सुचवतो. पंधराव्या प्रकरणात आपले काम काही मोजक्या आयुष्यांचे विणलेले धागे उलगडून पाहण्याचे आहे, असे तो उघडच सांगतो. एकोणतिसाव्या प्रकरणाचे पहिले वाक्य तर डोरोथियापासून सुरू होऊन मध्येच थांबते आणि ‘नेहमी डोरोथियाच का?’ असे विचारते. तेथून पुढचा परिच्छेद कॅसॉबनच्या मनात शिरतो. वाचकाची सहानुभूती एका पात्रावरून दुसऱ्यावर नेण्याचे हे कादंबरीतील सर्वांत धीट उदाहरण आहे. समांतर सूत्रांचा खरा उपयोग येथे दिसतो : प्रत्येक सूत्राचे केंद्र दुसऱ्या सूत्राच्या कडेला असते.

प्रकाशनाच्या पद्धतीचाही रचनेवर परिणाम झाला. मजकूर तीन खंडांच्या रूढ साच्यात मावणार नाही, हे दिसू लागल्यावर मे १८७१ मध्ये लुइसने प्रकाशक जॉन ब्लॅकवूड याला अर्ध्या खंडाएवढे भाग पाच शिलिंग किमतीत दर दोन महिन्यांनी काढण्याचे सुचवले. शेवटचे भाग त्याहून कमी अंतराने आले. १९ मार्च १८७१ च्या नोंदीत लेखिकेला आपल्याजवळ सामग्री फार झाली, ‘मोमेंती’ (इटालियन शब्द; क्षण, प्रसंग) फार झाले, अशी धास्ती वाटत होती. नव्या योजनेने तिला जागा मिळाली. पण प्रत्येक भागात एकाहून अधिक सूत्रे हलती ठेवणे आवश्यक झाले. पहिला भाग ‘मिस ब्रूक’ या नावाचा असूनही बाराव्या प्रकरणापर्यंत, म्हणजे फेदरस्टोनच्या स्टोन कोर्ट या घरी लिडगेट व रोझमंड यांची भेट होईपर्यंत जातो. ‘थ्री लव्ह प्रॉब्लेम्स’, ‘द विडो अँड द वाइफ’, ‘टू टेम्प्टेशन्स’ ही पुढच्या भागांची नावेच सूत्रे शेजारी ठेवून वाचायला सांगतात.

‘द डेड हँड’ या पाचव्या भागाचे नाव दोन मृतांना लागू पडते. फ्रेडचा श्रीमंत नातलग, म्हातारा फेदरस्टोन, दोन मृत्युपत्रे करून ठेवतो. मरणाच्या रात्री त्यांतले एक जाळायला मेरी गार्थ नकार देते आणि फ्रेडचा वारसा हुकतो. कॅसॉबन मृत्युपत्राला पुरवणी जोडून विधवा डोरोथियाने लॅडिस्लॉशी लग्न केल्यास तिला संपत्ती मिळणार नाही अशी अट घालतो. दोन्ही प्रसंग एकमेकांना कारण होत नाहीत. ते एकमेकांवर प्रकाश टाकतात, एवढेच. पण या कादंबरीत तेवढ्याने बरेच काम होते. फेदरस्टोनची अंत्ययात्रा डोरोथिया व तिची मंडळी कॅसॉबनच्या लोविक येथील घराच्या वरच्या खिडकीतून पाहतात, तेव्हा दोन वर्ग एका दृश्यात येतात आणि तरीही वेगळेच राहतात.

कार्यकारणाची साखळी मुख्यतः बुल्स्ट्रोडच्या सूत्रात आहे आणि टीकाही तिच्यावरच अधिक झाली आहे. फेदरस्टोनचा वारस रिग याचा सावत्र बाप रॅफल्स हाच बुल्स्ट्रोडचे जुने गुपित जाणतो. ब्रँडीच्या बाटलीला आधार म्हणून त्याने उचललेला कागद बुल्स्ट्रोडचे पत्र निघतो. लॅडिस्लॉची आई बुल्स्ट्रोडच्या पहिल्या पत्नीची मुलगी ठरते. हे योगायोग सनसनाटी कादंबरीतले वाटतात, हा आक्षेप खोडता येत नाही. परिणाम मात्र नेमके आहेत. बुल्स्ट्रोडने लिडगेटला दिलेले १,००० पौंड लिडगेटच्या उपचाराखाली असलेल्या रॅफल्सच्या मृत्यूनंतर लाचेसारखे दिसू लागतात, आणि डोरोथिया तेवढीच रक्कम देऊन त्याला त्या ऋणातून सोडवते. ८१ व्या प्रकरणात ती रोझमंडला भेटते. सत्तर प्रकरणांपूर्वी मेजवानीतल्या गप्पांत शेजारी ठेवलेल्या या दोन स्त्रिया समोरासमोर येतात आणि दोघींच्याही मनात काहीतरी हलते. कादंबरीची सूत्रे सर्वांत घट्ट जुळतात ती येथे.

कालगणनेतही सूत्रे एकमेकांवर येतात. अठराव्या प्रकरणात इस्पितळाच्या धर्मगुरुपदासाठी मतदान होते. एकोणिसावे वाचकाला त्याच मोसमातल्या रोममध्ये नेते. डोरोथिया व कॅसॉबन यांचे रोमहून परतणे अठ्ठाविसाव्या प्रकरणात येते.

हेन्री जेम्सने १८७३ च्या परीक्षणात या कादंबरीला तपशिलांचा खजिना म्हटले. समग्र रचना म्हणून मात्र ती त्याला बेताची वाटली. विसाव्या शतकाच्या मध्यात या मताचा फेरविचार झाला. बार्बरा हार्डी हिच्या १९५९ च्या ग्रंथाने आणि त्याच वर्षीच्या डेव्हिड कॅरल याच्या निबंधाने एकात्मता घटनांच्या साखळीत न पाहता साधर्म्यांत शोधली. १९७५ मध्ये जे. हिलिस मिलरने जाळे, भिंग, आरसा या प्रतिमा परस्परांशी पूर्णपणे जुळत नाहीत याकडे लक्ष वेधले. सत्ताविसाव्या प्रकरणातील आरशाचा दृष्टान्त त्यासाठी वारंवार उद्धृत होतो : आरशावरचे ओरखडे सर्व दिशांना विखुरलेले असतात, पण मेणबत्ती जवळ धरली की ते तिच्याभोवती वर्तुळात मांडल्यासारखे दिसतात. फ्रेड–मेरी सूत्राकडे या चर्चेत त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. वास्तविक मूळच्या ‘मिडलमार्च’चा जुना गाभा तेथेच आहे आणि मेरीवर प्रेम असूनही फ्रेडसाठी तिच्याकडे शब्द टाकणाऱ्या धर्मगुरू फेअरब्रदरचा प्रसंगही त्याच सूत्रातला आहे.