तीन रुळांवरची पत्र्याची आगगाडी

खऱ्या आगगाडीला रूळ दोन. ख्रिसमस ट्रीच्या बुंध्याभोवती फिरणाऱ्या जुन्या पत्र्याच्या गाडीला मात्र तीन. त्या मधल्या रुळाने पुष्कळांचा विरस होतो. खिडक्या, दिवे, दारांच्या मुठी सगळं हुबेहूब, आणि मध्येच ही खोटी पट्टी कशाला? मला मात्र तो मधला रूळच या खेळण्यातला सगळ्यात हुशार भाग वाटतो.

वीज मोटरपर्यंत जायला एक वाट लागते आणि परतायला दुसरी. रूळ दोनच असतील तर एकातून वीज जाणार, दुसऱ्यातून परत येणार. पण मग धातूची दोन चाकं धातूच्याच आसावर बसवली की दोन्ही रूळ जोडले जातात आणि शॉर्टसर्किट होतं. ते टाळायला गाडीतलं चाकन् चाक आसापासून विजेच्या दृष्टीने वेगळं ठेवावं लागतं. विसाव्या शतकाच्या आरंभी, पत्रा ठोकून बनवलेल्या स्वस्त चाकांना हे परवडणारं नव्हतं. मधला रूळ आला आणि प्रश्नच मिटला. वीज मधून येते, इंजिनाच्या पोटाखालची छोटी चकती ती उचलते आणि बाहेरच्या दोन्ही रुळांतून ती परत जाते. चाकं, आस, डबे सगळे एकाच बाजूचे. मुलाने डबा उचलून उलटा ठेवला तरी काही बिघडत नाही. रूळ वळवून गाडी आल्या वाटेने परत फिरवली, तरीही नाही. दोन रुळांच्या मार्गावर असा फास घातला, तर डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि तिथे शॉर्ट होतो.

यातून आणखी एक सोय मिळाली. बाहेरच्या दोन रुळांपैकी एकाचा छोटा तुकडा बाकी मार्गापासून तोडून ठेवायचा. गाडी त्यावर आली की तिचाच आस दोन्ही रुळांना जोडतो आणि एखादा सिग्नल पेटतो किंवा फाटक खाली येतं. म्हणजे गाडी स्वतःच बटण दाबते. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीने 1935 मध्ये गाडी आली की कंदील घेऊन झोपडीबाहेर येणारा फाटकवाला बाजारात आणला होता. अशा खेळण्यांना जागं करायला हा तुकडा पुरतो.

याच लायोनेलची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये 1900 साली झाली. संस्थापक जोशुआ लायोनेल कोवेन यांनी पुढच्या वर्षी विजेवर चालणारा एक उघडा डबा बनवला, तो दुकानाच्या काचेमागे फिरून गिऱ्हाइकांचं लक्ष वेधावं म्हणून. गिऱ्हाइकं मांडलेला माल सोडून तो डबाच मागू लागली. त्याच्या दहा वर्षं आधी, 1891 मध्ये, जर्मनीतल्या ग्योपिंगनच्या मेर्कलिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ आणि त्यांवर चालणाऱ्या गाड्या मांडल्या होत्या. माप ठरलं म्हणजे यंदा घेतलेल्या वर्तुळाला पुढच्या नाताळात आणखी रूळ जोडता येतात. माप म्हणजे बाहेरच्या दोन रुळांमधलं अंतर. आज सर्वांत जास्त दिसणारं जुनं माप 32 मिलिमीटरचं. त्याहून रुंद, 54 मिलिमीटरचं माप लायोनेलने 1906 मध्ये आणलं.

झाडाखाली देखावा मांडायची रीत त्याहून जुनी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले मोरेव्हियन पंथाचे ख्रिस्ती लोक झाडापाशी शेवाळ, दगड आणि छोट्या आकृत्यांचा ‘पुट्झ’ मांडत. घरात वीज आली तशी त्या शेवाळातून गाडी धावू लागली.

आता पत्र्याकडे येऊ. हा साधा पत्रा नाही. पोलादाच्या पातळ पत्र्याला कथलाचा मुलामा, म्हणजे कल्हईच, केलेली असते. तिच्यावर रंग चांगला धरतो. अडचण छपाईची होती. दगडी ठशावरची शाई कडक पत्र्यावर नीट उतरत नाही. 1875 मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट बार्कली यांनी मध्ये आणखी एक रोलर घातला. ठशावरची शाई आधी त्या रोलरवर आणि तिथून पत्र्यावर. हीच ऑफसेट छपाई. कागदासाठी ती अमेरिकेत इरा रुबेल यांनी वापरात आणली ती थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे पुस्तकं आणि मासिकं ज्या तंत्राने छापली जातात ते आधी पत्र्याच्या डब्यांवर वापरलं गेलं! खेळण्यातल्या डब्याच्या खिडक्या, पडदे, रिव्हेट सगळं सपाट पत्र्यावर आधी छापायचं, मग पत्रा कापून दुमडायचा आणि पत्र्याच्या जिभा खाचांत घालून वळवायच्या. डाग देऊन (सोल्डर करून) जोडण्याची गरजच नाही.

झाडाभोवतीचा मार्ग म्हणजे सतत वळण. 32 मिलिमीटरच्या मापात नेहमीचं वर्तुळ वाकड्या रुळांच्या आठ तुकड्यांचं, साधारण 78 सेंटिमीटर व्यासाचं. बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो हे उघड आहे. पण किती लांब? दोन रुळांमधलं अंतर गुणिले 2π, म्हणजे सुमारे 20 सेंटिमीटर. गंमत अशी की वर्तुळ केवढंही घ्या, फरक तेवढाच राहतो. दर फेरीला बाहेरच्या चाकाला हे 20 सेंटिमीटर जास्त कापावे लागतात. चाकं आसावर घट्ट बसवलेली असतील तर त्यांतलं एक तरी घसरत जाणार आणि इंजिनाचा जोर त्या घासण्यात खर्च होणार. म्हणून अनेक जुन्या डब्यांत चाकं आसावर सैल ठेवलेली असतात, प्रत्येक आपापल्या गतीने फिरतं. तिथे थेंबभर तेल दिलं की इंजिनाचा दम वाढल्यासारखा वाटतो.

वेगाचाही हिशेब करता येतो. समजा इंजिनाचा गुरुत्वमध्य रुळापासून 35 मिलिमीटर वर आहे. रुळाची अर्धी रुंदी 16 मिलिमीटर. या वर्तुळावर गाडीने सेकंदाला साधारण 1.3 मीटरचा वेग ओलांडला की आतली चाकं उचलली जातात आणि इंजिन बाहेरच्या बाजूला कलंडतं. म्हणजे एक फेरी दोन सेकंदांच्या आत संपत असेल तर हात आखडता घ्यावा.

मोटर एसीवर, म्हणजे सतत दिशा उलटणाऱ्या प्रवाहावर, चालते आणि तिचा स्वभाव विलक्षण आहे. तिच्या स्थिर विद्युतचुंबकातून आणि फिरत्या आर्मेचरमधून (वेटोळी गुंडाळलेल्या भागातून) एकच प्रवाह एकापाठोपाठ वाहतो. प्रवाह उलटला की दोघांचेही ध्रुव एकदम उलटतात आणि ढकलण्याची दिशा तीच राहते. त्यामुळे तारा अदलाबदल करून गाडी मागे जात नाही. त्यासाठी इंजिनात एक उलटयंत्र बसवलेलं असतं. वीज क्षणभर तोडून पुन्हा दिली की एक छोटी खिट्टी दातेरी नळकांड्याला एक घर पुढे सरकवते. पुढे, थांबा, मागे, थांबा, असा त्याचा क्रम. इंजिनातून येणारी ती गुणगुण त्या यंत्राच्या चुंबकाची. एसीच्या प्रत्येक आवर्तनात त्याची ओढ दोनदा वाढते आणि दोनदा ओसरते.

शिट्टीची युक्ती मला याहूनही आवडते. रुळातून आधीच एसी वाहतोय, मग शिट्टीला निरोप कसा द्यायचा? 1935 पासून लायोनेलने त्याच रुळांत थोडा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, मिसळायला सुरुवात केली. कोळशाच्या डब्यातला रिले, म्हणजे विजेने उघडणारा-मिटणारा खटका, फक्त डीसीला दाद देतो. तो मिटला की छोटा पंखा फिरतो आणि पोकळीतून खरी हवा फुंकली जाते. मोटरला दोन्ही प्रवाह चालतात, त्यामुळे गाडी धावतच राहते.

झाडाखाली या यंत्राचे शत्रू बरेच. झाडाच्या गळलेल्या सुईसारख्या पानांतून वीज वाहत नाही, पण ती दातेरी चाकांत अडकतात. चिकाने माखलेला रूळ संपर्क तोडतो. बुंध्याला घातलेलं पाणी सांडलं तर गंज चढतो आणि तो भराभर पसरतो. कारण कल्हईला ओरखडा पडला की उघडं पडलेलं पोलाद कथलाच्या आधी झिजतं. जस्ताचा मुलामा याच्या उलट वागतो, तो स्वतः झिजून पोलाद वाचवतो. म्हणून रूळ स्टीलवुलने घासू नयेत. कल्हई तर जातेच, शिवाय लोखंडाचे सुटलेले तंतू मोटरच्या चुंबकाकडे ओढले जाऊन शॉर्ट करतात. स्पिरिटमध्ये भिजवलेलं कापड पुरेसं आहे, मात्र ते वीज बंद ठेवून आणि स्पिरिट पूर्ण वाळू देऊन.

सर्वांत जपायचं ते चमचमणाऱ्या धातूच्या झिरमिळ्यांपासून. एक झिरमिळी मधल्या आणि बाहेरच्या रुळावर आडवी पडली तर व्होल्टेज 20 च्या आत असूनही तापून लाल होऊ शकते, आणि वर सुकलेलं झाड असतं. जुन्या झिरमिळ्या शिशाच्या असत. अमेरिकेत त्या 1972 मध्ये मुलांच्या आरोग्यासाठी थांबवल्या गेल्या. जुन्या पेटीत त्या सापडल्या तर लावू नका. आणि गाडी कितीही जुनी हवी असली तरी ट्रान्सफॉर्मर जुना नको. त्याच्या वायरीचं रबर तडकलेलं असतं. सुरक्षित, नवा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि तरीही खोलीत कुणी नसताना गाडी चालू ठेवू नका.

पत्रा टिकतो. काही जुन्या गाड्यांची जस्ताची ओतीव चाकं मात्र आपोआप फुगतात, तडकतात आणि भुगा होतात. ओततानाच जस्तात मिसळलेले शिशाचे सूक्ष्म अंश कणांच्या सीमांवर बसतात आणि दमट हवेत तिथूनच क्षरण आत शिरतं. यावर इलाज नाही, नवी चाकं बसवायची.

झाडाच्या मागच्या बाजूला गाडी मंदावते, तीही मोटरची चूक नसते. पोलाद तांब्यापेक्षा वाईट वाहक आहे आणि प्रत्येक सांध्यावर रूळ जोडणाऱ्या खिळीच्या गंजात थोडं व्होल्टेज खर्च होतं. वर्तुळात वीज दोन्ही बाजूंनी येते, म्हणून सर्वांत कमकुवत जागा जोडणीच्या बरोबर समोरची. तिथे तारांची आणखी एक जोडी नेली की वेग सारखा होतो.

आजारी सांधा शोधायला रात्र बरी. झाडावरचे दिवे मालवा आणि गाडी हळू सोडा. चकतीचा संपर्क क्षणभर तुटला, तरी मोटरच्या वेटोळ्यांतला प्रवाह एकदम थांबत नाही. तो त्या फटीतून उडी मारतो आणि इंजिनाच्या पोटाखाली निळी ठिणगी दिसते. चिडाच्या झाडाच्या वासात ओझोनचा तिखट वास मिसळतो. दर फेरीला ठिणगी ज्या सांध्यावर उडते तिथे खडूची खूण करून ठेवा. सकाळी वीज बंद करून तेवढीच खीळ पुसायची.