सहा डिसेंबरच्या दुपारचा सिनेमा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हेलसिंकीत दुपारी सव्वातीनच्या सुमारास सूर्य मावळतो. ६ डिसेंबर हा फिनलंडचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी अंधार पडला की लोक खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात. रात्री राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादातला स्वागतसमारंभ टीव्हीवर लागतो आणि कोणाच्या अंगावर काय शोभलं, काय नाही, यावर घराघरांत शेरेबाजी चालते. त्याआधी, दुपारी, तीन तासांचा एक कृष्णधवल युद्धपट असतो. ‘तुंतेमातोन सोतिलास’, म्हणजे ‘अनाम सैनिक’. सिनेमा १९५५चा. ‘यूले’ ही तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था २००० सालापासून दर स्वातंत्र्यदिनी तो दाखवते.

इतक्या मानाच्या सिनेमाला लष्कराने मदत नाकारली होती, हे आज सांगूनही खरं वाटणार नाही. पण तिथल्या लोकप्रिय सिनेमाच्या आणि टीव्हीच्या पडद्यामागे डोकावलं की हाच प्रकार पुन्हा पुन्हा भेटतो. कोणीतरी ‘नाही’ म्हणतं आणि मग उरलेल्या सामानात काम भागवावं लागतं.

मूळ कादंबरी व्हॅइनो लिन्ना यांची. लिन्ना टाम्पेरे शहरातल्या फिनलायसन कापडगिरणीत कामगार होते आणि १९४१ ते १९४४च्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या युद्धात स्वतः आघाडीवर लढून आले होते. मशीनगन कंपनीतल्या साध्या शिपायांची ही गोष्ट डिसेंबर १९५४मध्ये छापून आली. त्यातले शिपाई आपापल्या गावच्या बोलीत बोलतात, शिव्या घालतात, वरिष्ठांची टर उडवतात. गोम नेमकी इथेच होती. अधिकाऱ्यांचं हे चित्र लष्कराला रुचलं नाही. ‘सुओमेन फिल्मितेओल्लिसूस’ या मोठ्या स्टुडिओचे सर्वेसर्वा टी. जे. सॅर्क्का मात्र थांबायला तयार नव्हते. दिग्दर्शन एडविन लाइने यांच्याकडे आलं, १९५५च्या उन्हाळ्यात चित्रण उरकलं आणि २३ डिसेंबरला सिनेमा लागलासुद्धा. पुस्तक बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

लष्कर नाही म्हटल्यावर रणगाडे, तोफा, मोठ्या चकमकी आणायच्या कुठून? युद्धकाळात लष्कराच्याच प्रचार विभागाच्या कॅमेरामननी आघाडीवर टिपलेली फिल्म शिल्लक होती. ती कापून नटांच्या दृश्यांमध्ये जोडली. त्यामुळे चकमक ऐन भरात आली की अधूनमधून चित्राचा पोत बदलतो. एका तुकड्यात नट आहे, पुढच्या तुकड्यात खरा शिपाई, कदाचित नंतर घरी न परतलेला. प्रेक्षकांना हा सांधा खटकला नसावा. युद्ध संपून अकराच वर्षं झाली होती, थिएटरात बसलेल्या कित्येकांनी ते अंगावर घेतलं होतं. कडक, कोणाला जवळ न करणाऱ्या लेहतोच्या भूमिकेत ओके लिंडमन होते. तीनच वर्षांपूर्वी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते फिनलंडच्या फुटबॉल संघातून खेळले होते. पुढे ते स्वतःच युद्धपट दिग्दर्शित करू लागले.

देशाची लोकसंख्या तेव्हा बेचाळीस लाखांच्या आसपास. तिकिटं खपली सुमारे २८ लाख.

लाइने यांची या गोष्टीतून सुटका झालीच नाही. १९६१पासून टाम्पेरेच्या प्युनिक्की उन्हाळी रंगमंचावर त्यांनी तिचं नाटक केलं आणि ते सलग नऊ उन्हाळे चाललं. या रंगमंचाची रचना मजेशीर आहे. तळ्याकाठी उघड्यावर, झाडांच्या मध्ये आठशेहून अधिक खुर्च्यांचा गोल सज्जा आहे आणि तो फिरतो. प्रवेश बदलला की नेपथ्य हलवत नाहीत, प्रेक्षकांनाच वळवतात. जंगलातल्या लढाईसाठी जंगल आयतं होतं.

सॅर्क्कांच्या स्टुडिओची रोजची भाकरी मात्र युद्धपटांवर चालत नव्हती. ती यायची विनोदी सिनेमांतून. ‘पेक्का आणि पॅत्क्या’ या उंच-बुटक्या जोडीचे १९५३ ते १९६० या काळात तेरा सिनेमे आले. पेक्का करणारे एसा पाकारिनेन यांचं दात नसलेलं बोळकं हीच त्यांची ओळख होती. आणि लाटणं घेऊन मागे लागणारी पेक्काची बायको. समीक्षक नाक मुरडायचे, गल्ला भरायचा.

मग टीव्ही आला. १९५८च्या १ जानेवारीपासून यूलेचं नियमित प्रक्षेपण सुरू झालं आणि थिएटरं ओस पडायला लागली. त्यातच मानधनाच्या वादातून नटांच्या संघटनेने १९६३मध्ये सिनेमांवर बहिष्कार टाकला, तो १९६५पर्यंत टिकला. त्याच वर्षी सॅर्क्कांच्या स्टुडिओचं दिवाळं निघालं. त्यांच्या सिनेमांचा साठा गेला यूलेकडे, म्हणजे ज्या टीव्हीने प्रेक्षक पळवले त्याच टीव्हीकडे. माझ्या मते फिनलंडच्या पडद्याच्या इतिहासातलं खरं वळण हेच. जुने सिनेमे दुपारच्या वेळी टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागत राहिले आणि ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता अशा पोरांना ते तोंडपाठ झाले.

नामवंत नट संपावर, त्यामुळे वेगळ्याच माणसांना दार उघडं मिळालं. रेडिओवर विनोदी कार्यक्रम करणाऱ्या स्पेदे पासानेन यांचा पहिला सिनेमा १९६४चा, ऐन संपाच्या काळातला. या माणसाचं डोकं सतत यंत्रांत आणि युक्त्यांत असायचं, नावावर पेटंटं होती. पुढे त्यांच्या टीव्हीवरच्या खेळांत चार बटणांचा एक खेळ होता. जे बटण उजळेल ते दाबायचं, वेग वाढत जातो आणि शेवटी बोटं गोंधळतात. इतकंच, पण अख्खा देश त्याला खिळून असे.

स्पेदेंना पैसा मिळाला तो टीव्हीतून. ‘माइनोस-टीव्ही’, म्हणजे जाहिरात-टीव्ही, ही खाजगी कंपनी १९५७पासूनची. तिचं लघुरूप एमटीव्ही, मात्र अमेरिकेच्या गाण्यांच्या वाहिनीशी तिचा काही संबंध नाही आणि वयाने ती थोरलीच. गंमत म्हणजे तिला बराच काळ स्वतःची वाहिनी नव्हती. ती यूलेच्याच वाहिन्यांवर ठरावीक वेळ भाड्याने घ्यायची. १९९३मध्ये तिने स्वतंत्र संसार थाटला. तिच्यासाठी केलेल्या ‘स्पेदे शो’मध्ये १९७१ साली ऊनो तुर्हापुरो जन्माला आला. भोकाभोकांचा जाळीचा बनियन, पडलेला दात, कामाचा कंटाळा, खाण्याचा सोस आणि बायकोच्या श्रीमंत बापाच्या पैशांवर डोळा. १९७३मध्ये त्याचा पहिला सिनेमा निघाला. सरकारी पैशावर चालणारं चित्रपट प्रतिष्ठान १९६९पासून होतं, पण त्याची ओढ कलात्मक सिनेमाकडे. स्पेदेंनी ऊनोचा गाडा बहुतांशी टीव्हीच्या कमाईवर ओढला. सेटवर पटकथेपेक्षा नटांच्या उत्स्फूर्तपणावर भिस्त, काम झटपट. १९८४मध्ये ऊनो लष्करात भरती झाला आणि तो सिनेमा साडेसात लाखांवर लोकांनी पाहिला.

बनियनच्या आत होते वेसा-मत्ती लोइरी. कोवळ्या वयात, १९६२च्या ‘पोयात’ या सिनेमात, ते युद्धकाळातल्या औलू शहरातला एक मुलगा झाले होते. शेवटी आई आगगाडीत बसून निघून जाते आणि तो मुलगा रडत, हाका मारत रुळांवरून गाडीमागे धावत सुटतो. एवढं करून दाखवलेल्या नटाला पुढची कित्येक वर्षं लोकांनी रस्त्यात ‘ऊनो’ म्हणूनच ओळखलं. त्यांनी एइनो लेइनोच्या कविता गायल्या, त्या तबकड्याही घरोघरी गेल्या. तरी बनियन काही अंगावरून उतरला नाही.

‘पोयात’चे दिग्दर्शक मिक्को निस्कानेन टीव्हीकडे वळले ते मात्र हसवायला नव्हे. १९६९मध्ये मध्य फिनलंडमधल्या पिहतिपुदास गावी एका अल्पभूधारक शेतकऱ्याने चार पोलिसांना गोळ्या घातल्या. त्यावरून निस्कानेन यांनी यूलेसाठी चार भागांची, सव्वापाच तासांची मालिका केली, ‘आठ जीवघेण्या गोळ्या’. लेखन, दिग्दर्शन त्यांचं आणि मुख्य भूमिकाही त्यांचीच. चित्रण स्वतःच्या बालपणीच्या कोंगिनकांगासच्या परिसरात केलं, आजूबाजूचे गावकरी पात्रं झाले. काय घडलं ते सुरुवातीलाच कळतं. पुढचे पाच तास फक्त ‘का’ आहे. जंगलातली हातभट्टी, मित्राबरोबरचं पिणं, घरात धास्तावलेली बायको, लाकूडतोडीची तुटपुंजी मजुरी. कॅमेरा घाई करत नाही. काम करताना माणूस जितका वेळ घेतो तितका वेळ तोही घेतो. १९७२मध्ये ती दाखवली गेली. अलीकडे मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या फिल्म फाउंडेशनच्या मदतीने तिची मूळ फिल्म दुरुस्त झाली आणि फिनलंडबाहेरही लोक ती बघू लागले.

सगळ्याच आठवणी गोड नाहीत. राउनी मोल्बेरी यांनी १९८५मध्ये ‘अनाम सैनिक’ रंगीत करून पुन्हा काढला, बहुतेक तरुण, अनोळखी चेहरे घेऊन आणि कॅमेरा हातात धरून. त्यातल्या हिएतानेन या शिपायाची भूमिका करणारे पिर्क्का-पेक्का पेतेलियुस टीव्हीवरच्या विनोदी प्रहसनांमुळे घराघरांत पोचले. त्या प्रहसनांत उत्तरेकडच्या सामी लोकांना चेहरा माखलेले दारुडे म्हणून रंगवलं होतं. सामी मुलांना शाळेत त्यावरून चिडवत. २०१९मध्ये, खासदार झाल्यावर, पेतेलियुस यांनी सामींची जाहीर माफी मागितली. तोवर ती प्रहसनं बघून हसलेली पिढी पन्नाशीला टेकली होती.

अकु लोउहिमिएस यांनी २०१७मध्ये, स्वातंत्र्याच्या शताब्दीला, तीच कादंबरी तिसऱ्यांदा पडद्यावर आणली. या वेळी लष्कराने मदत केली. एका टेकमध्ये सुमारे ७० किलो टीएनटीच्या ताकदीची स्फोटकं उडवली आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. दहा लाखांवर लोकांनी तो सिनेमा थिएटरात पाहिला. ६ डिसेंबरच्या दुपारी यूलेवर मात्र अजून लाइने यांचाच लागतो, मधूनमधून पोत बदलणाऱ्या चित्रांसकट.