लक्षद्वीपची कंकणद्वीपे

लक्षद्वीप हा केरळच्या पश्चिमेला अरबी समुद्रात पसरलेला प्रवाळबेटांचा समूह. हातातल्या कड्यासारखी गोल प्रवाळभित्ती आणि तिच्या आत लगून, म्हणजे समुद्राच्या पाण्याचे उथळ, शांत तळे, अशा रचनेला कंकणद्वीप म्हणतात. इथली बहुतेक बेटे कंकणाच्या पूर्व कडेवर आहेत. त्यांचे लगून पश्चिमेला पसरलेले असते. अंद्रोत बेटाला मात्र लगून जवळजवळ नाहीच.

भित्ती बांधणारा प्राणी काही मिलिमीटरचा असतो. हा पॉलिप समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम घेऊन आपल्या बुडाशी चुनखडीची वाटी तयार करतो. त्याच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवले सूर्यप्रकाशात अन्न बनवतात आणि त्यातला मोठा वाटा त्याला देतात. म्हणूनच भित्ती उबदार, नितळ, उथळ पाण्यातच वाढते. कोकणात पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, त्यामुळे मालवणजवळ प्रवाळ असले तरी अशी भित्ती तिथे नाही.

मग भर समुद्रात, खोल पाण्यात ही कंकणे आली कशी? चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये याचे उत्तर दिले. ज्वालामुखीच्या बेटाभोवती आधी किनाऱ्यालगत भित्ती होते. बेट हळूहळू खचते, प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वाढत राहतात. शेवटी बेट बुडते आणि कडे उरते. हे पटायला शतक गेले. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातील एनेवेटक या कंकणद्वीपावर खोल छिद्रण केले, तेव्हा हजार मीटरहून जाड चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक लागला. लक्षद्वीपखालचा पर्वतही ज्वालामुखीजन्य आहे, आणि ज्या रियुनियन तप्तस्थळाने (पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येण्याच्या जागेने) दख्खनचे लाव्हाथर ओतले त्याच्याशीच भूवैज्ञानिक त्याचा संबंध जोडतात. त्या अर्थी सह्याद्रीचा हा बुडालेला भाऊबंदच.

भित्तीच्या कपारींत मोरे ईल, अष्टपाद आणि शेवंडे दडतात. विदूषक मासा समुद्रफूल या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या डंखी शुंडकांत निर्धास्त राहतो. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी शैवलासकट चुनखडी खरवडतो आणि तिची भुकटी विष्ठेतून टाकतो. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग असाच तयार होतो. लगूनमधल्या सागरी गवतावर हिरवी कासवे चरतात.

पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा अंशभर जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर पॉलिप आपली शैवले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही, पण उपाशी असतो. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपने हे भोगले. टुनाच्या मासेमारीलाही याची झळ लागू शकते. इथले मच्छीमार लगूनमधून जिवंत छोटे मासे धरतात, बाहेरच्या समुद्रात ते पाण्यात टाकून टुनाचा थवा जवळ ओढतात आणि काठीला बांधलेल्या गळाने एकेक टुना होडीत घेतात.