डीटीपीतील ऑब्जेक्टची मांडणी

डेस्कटॉप पब्लिशिंगच्या (डीटीपी, म्हणजे संगणकावर पाने मांडण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये पानावर येणारी प्रत्येक गोष्ट 'ऑब्जेक्ट' मानली जाते, मग तो मजकूर असो, फोटो असो की साधी रेघ. हे ऑब्जेक्ट पुढे-मागे लावणे, एका ओळीत आणणे, त्यांच्यातले अंतर सारखे करणे, गट बांधणे आणि त्यांना रंग, कडा, सावली देणे, ही सगळी कामे या मांडणीत येतात. 'वस्तू' हा मराठी शब्द हाताशी आहे, पण डीटीपी सेंटरमध्ये तो कोणी वापरत नाही.

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईत एका खिळ्यावर दुसरा बसू शकत नसे, त्यामुळे पुढे-मागेचा प्रश्नच नव्हता. तो आला ऑफसेट छपाईसाठी कागद कापून पुठ्ठ्यावर चिकटवण्याच्या काळात. १९८५ साली अ‍ॅल्डस कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी पेजमेकर हे पाने मांडण्याचे सॉफ्टवेअर आणले, तेव्हा पानाभोवतीच्या मोकळ्या जागेला 'पेस्टबोर्ड' हे त्या चिकटकामातलेच नाव मिळाले. 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हा शब्दप्रयोग रूढ करण्याचे श्रेय अ‍ॅल्डसचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड यांना देतात. पुढे क्वार्कएक्सप्रेस (१९८७), कोरलड्रॉ (१९८९) आणि इनडिझाइन (१९९९) आले. कोरलड्रॉ मुळात चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर. पण महाराष्ट्रात लग्नपत्रिका आणि फ्लेक्स प्रामुख्याने त्यातच होतात, म्हणून पुढची बरीच उदाहरणे त्यातली आहेत.

पानावरचे ऑब्जेक्ट पत्त्यांच्या गड्डीसारखे एकावर एक असतात आणि नव्याने काढलेला सर्वांत वर बसतो. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-पेजअप दाबले की ऑब्जेक्ट एक पायरी वर येतो. शिफ्ट-पेजअपने तो आपल्या लेयरमध्ये, म्हणजे ज्या थरावर तो आहे त्या थरात, सगळ्यांच्या वर जातो. 'आपल्या लेयरमध्ये' हे महत्त्वाचे. वरच्या लेयरवर दुसरे काही असेल तर कितीही वेळा दाबा, ऑब्जेक्ट त्याखालीच राहतो आणि नवशिक्याला वाटते, की-बोर्ड बिघडला. ही गड्डी सगळ्यांत जास्त पिसली जाते ती वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. मागे रंगाचा पट्टा, त्यावर कार्यकर्त्यांचे गोल फोटो, पुढे मोठ्या नेत्याचा कापून घेतलेला फोटो. कोणाचा खांदा कोणाच्या मागे गेला यावरून दुकानात वाद होतात. खाली दडलेला फोटो निवडायला ऑल्ट धरून क्लिक करावे लागते.

एका ओळीत आणण्याच्या कमांड वरवर सोप्या आहेत: एल म्हणजे डावीकडे, आर उजवीकडे, टी वर, बी खाली, पी म्हणजे पानाच्या मध्यावर. शिफ्ट धरून एकेक ऑब्जेक्ट निवडला असेल तर शेवटी निवडलेला जागेवर राहतो आणि बाकीचे त्याच्याकडे सरकतात. अंतर सारखे करताना मात्र फसगत होते. कमी-जास्त रुंदीचे पाच फोटो मध्यबिंदूंच्या हिशेबाने लावले तर मधल्या फटी असमान पडतात. फटी सारख्या हव्या असतील तर अंतराचा वेगळा पर्याय निवडावा लागतो.

देवनागरीत खरी अडचण याच्या पुढे सुरू होते. अक्षरांचे कर्व्ह केले, म्हणजे मजकुराचे नुसत्या आकारांत रूपांतर केले, की सॉफ्टवेअरला शब्द दिसत नाही, त्याच्याभोवतीची अदृश्य चौकट तेवढी दिसते. पत्रिकेवर 'वर' आणि 'वधू' शेजारी ठेवून बी दाबा: 'वधू'च्या ऊकाराच्या टोकाला 'वर'चा पाय टेकतो आणि दोन्हींच्या शिरोरेषा वर-खाली होतात. टी दाबले तर हे दोन शब्द जुळतात, पण शेजारी 'पिता' आला की वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते आणि पुन्हा बिनसते. मजकूर कर्व्ह केलेला नसेल तर तळरेषेवर जुळवण्याची सोय आहे. तीही एकाच फाँटच्या एकाच आकाराच्या अक्षरांपुरती. शिरोरेषा जुळवणारे बटण या कमांडमध्ये नाही. जाणता ऑपरेटर वरच्या मोजपट्टीतून गाइडलाइन (छापली न जाणारी आडवी रेघ) खाली ओढतो आणि प्रत्येक शब्द तिला हाताने टेकवतो.

ग्रुप आणि कम्बाइन यांतही गल्लत होते. कंट्रोल-जीने बांधलेल्या गटात प्रत्येक ऑब्जेक्ट आपला रंग राखून असतो. कंट्रोल-एलने मात्र सगळ्यांचा मिळून एकच ऑब्जेक्ट होतो, त्याला एकच रंग येतो आणि जिथे दोन आकार एकमेकांवर होते तिथे भोक पडते. मजकूर डावीकडे घ्यायला वर्डमध्ये हेच बटण आहे, त्यामुळे तिथून आलेल्यांचा हात हमखास चुकतो. भोक मुद्दाम हवे असेल, म्हणजे पट्ट्यातून मागचा फोटो दिसायला हवा असेल, तर हीच कमांड कामाची.

रंग आणि सावलीचे फार सांगण्यासारखे नाही, कडेचे आहे. कडेच्या जाडीला 'ऑब्जेक्टसोबत बदल' अशी खूण करता येते. ती नसेल तर कार्डाएवढे डिझाइन कोरलड्रॉमध्येच ताणून दहा फुटांचे केले तरी अक्षरांभोवतीची पांढरी कडा मूळ अर्ध्या मिलिमीटरचीच राहते आणि रस्त्यावरून दिसतही नाही. उलट फ्लेक्सचे डिझाइन लहान करून व्हिजिटिंग कार्ड केले तर फ्लेक्सची जाड कडा तशीच राहून अक्षरे गिळून टाकते.