एअर सस्पेन्शन काढल्याशिवाय गाडी उंच होत नाही?

लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ उंच करायची तर एअर सस्पेन्शन (गाडी हवेच्या पिशव्यांवर तोलून धरणारी यंत्रणा) काढून कॉइल स्प्रिंग बसवावेच लागतात, हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. तसं नाही. चारही चाकांपाशी उंची मोजणारे सेन्सर असतात. त्यांच्या दांड्या वेगळ्या लांबीच्या लावल्या की कॉम्प्युटरला गाडी खाली बसल्यासारखी वाटते आणि तो पिशव्यांत हवा भरतो. थोडक्यात, गाडीला गंडवायचं! खर्चही किरकोळ.

मात्र हवेची पिशवी काही लांब होत नाही. गाडी जितकी वर, तितकं चाक खड्ड्यात खाली उतरायला कमी जागा. ॲक्सलच्या सांध्यांवर ताणही वाढतो. म्हणून माफक उंचीवर थांबावं आणि व्हील अलाइनमेंट करून घ्यावी.