क्लोझ चाचणी

क्लोझ चाचणी : सलग उताऱ्यातील काही शब्द गाळून ते वाचणाऱ्याला भरायला लावण्याची चाचणी आणि सरावपद्धती. इंग्रजी शिकणाऱ्याचे व्याकरण, शब्दसंग्रह आणि आकलन एकाच वेळी कामाला लावणारे इतके साधे साधन क्वचितच सापडेल.

वाक्यातले शब्द गाळून बुद्धीचा कस पाहण्याची कल्पना जुनी आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८९७ मध्ये शाळकरी मुलांसाठी अशी चाचणी वापरली होती. क्लोझ हे नाव आणि ठरावीक पद्धत मात्र १९५३ मध्ये अमेरिकेतील विल्सन टेलर यांनी दिली. वाचकाची परीक्षा घेणे हा त्यांचा हेतू नव्हता. एखादा मजकूर वाचायला किती सोपा वा अवघड आहे, हे त्यांना मोजायचे होते. इंग्रजीच्या शिक्षकांनी ती पुढे आपलीशी केली.

मूळ पद्धतीत ठरावीक अंतराने, उदाहरणार्थ दर पाचवा किंवा सातवा शब्द गाळतात. पहिले वाक्य बहुधा अखंड ठेवतात, म्हणजे विषयाचा अंदाज येतो. शिकवताना मात्र शब्द हेरून गाळणे अधिक उपयोगी पडते. ‘शी हॅज लिव्ड हिअर – – १९९०’ या वाक्यात ‘सिन्स’ सुचायला काळाचे व्याकरण पक्के लागते. ‘फॉर’ लिहिणाऱ्याची नेमकी अडचण शिक्षकाला तिथेच दिसते. ‘– – रेन’ येथे ‘हेवी’ बसतो, ‘स्ट्राँग’ नाही, कारण इंग्रजीत कोणता शब्द कोणाच्या सोबतीने येतो हे नियमाने सांगता येत नाही, ते वाचनातून अंगवळणी पडते. ‘ही वॉज टायर्ड, – – ही केप्ट वॉकिंग’ हे उदाहरण सर्वांत बोलके. ‘सो’ लिहिले तरी व्याकरण चुकत नाही, पण अर्थ उलटतो. ‘बट’ लिहिण्यासाठी दमणे आणि चालत राहणे यांतला विरोध लक्षात यावा लागतो. दोन वाक्ये जोडणाऱ्या अशा शब्दांच्या जागा आकलन तपासण्यासाठी हमखास ठेवाव्यात.

गुण देण्याच्या दोन रीती आहेत : मूळ लेखकाचाच शब्द ग्राह्य धरणे किंवा अर्थाला व व्याकरणाला धरून असलेला कोणताही शब्द मान्य करणे. पहिली रीत तपासायला सोपी, पण सरावासाठी ती अन्यायकारक ठरते. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही सगळे मूळ शब्द ओळखता येत नाहीत. केंब्रिजच्या ‘बी टू फर्स्ट’ या इंग्रजीच्या परीक्षेत पर्यायांसह आणि पर्यायांविना असे क्लोझचे दोन्ही प्रकार असतात. १९८१ मध्ये पुढे आलेल्या सी-चाचणीत दर दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध गाळतात.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. बऱ्याच जागा शेजारच्या चार-दोन शब्दांवरून भरता येतात, त्यामुळे संपूर्ण उतारा समजला की नाही हे कळत नाही, अशी टीका होते. १९७० च्या दशकात अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉन ऑलर यांनी क्लोझमधून भाषेची एकसंध क्षमता, म्हणजे सर्व भाषिक कौशल्यांमागची एकच क्षमता, मोजता येते असे मांडले. तो दावा पुढे टिकला नाही.

सरावाचा खरा लाभ उत्तरे जुळवून पाहण्यात नाही, त्यांची कारणे सांगण्यात आहे. आधी एकही जागा न भरता उतारा शेवटपर्यंत वाचावा. मग खात्रीच्या जागा भरून अडलेल्या शेवटी घ्याव्यात. अनेकदा दुसऱ्या परिच्छेदात पहिल्याचे उत्तर दडलेले असते. दोघांनी मिळून सोडवल्यास ‘हाच शब्द का?’ याचे उत्तर प्रत्येकाला द्यावे लागते आणि अर्धवट कळलेला नियम तिथे उघडा पडतो. उतारा एरवी वाचतो त्यापेक्षा थोडा सोपाच निवडावा, कारण गाळलेल्या जागा त्याला आपोआप अवघड करतात. अनोळखी शब्दांची गर्दी झाली, की उरतो तो केवळ अंदाज.